तीन रविवारांची गैरहजेरी

आमच्या बँडनं आजवर चार वेळा अखेरचा कार्यक्रम केला आहे. पहिल्या वेळी लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या वेळी लोकांनी विचारलं, "काहून बे, मागच्या साली संपलं नव्हतं काय?" तिसऱ्या वेळी जेवण होतं म्हणून गर्दी झाली. चौथा कार्यक्रम अर्धाच झाला, कारण साउंडवाल्यानं दुसऱ्या लग्नाची ऑर्डर घेतली होती आणि आमचं गाणं चालू असताना त्यानं एकेक स्पीकर उचलून टेम्पोत ठेवायला सुरुवात केली.

या सगळ्या अखेरींना मी जबाबदार आहे. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी मुळात कमी बोलणारा, आणि बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा. जाड चार तारांचं हे वाद्य सगळ्यांच्या खालून चालतं. ते वाजतंय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

बँड अमरावतीच्या कॉलेजात सुरू झाला. आम्ही चौघे. ड्रमवाला वकिलाचा मुलगा, पुढे स्वतःही वकील झाला. गिटारवाला पुढे वीज खात्यात लागला. गायक तेल्हाऱ्याकडच्या, कापूस पिकवणाऱ्या कास्तकाराचा मुलगा. चौथा मी, मास्तरांचा मुलगा. रॉक म्हणजे काय हे आम्हाला कॅसेटच्या कव्हरांवरून कळलं होतं, म्हणून आम्ही चौघांनी काळ्या रेक्झिनची जाकिटं शिवून घेतली आणि एप्रिलमध्ये अकोल्याला घालून गेलो. दुसऱ्या गाण्याला गिटारवाला खाली बसला. लोकांना वाटलं, ही स्टाइल आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्यात खरं गाणारा एकच होता. त्यानं ‘काहून’, म्हणजे ‘का’, नावाचं गाणं केलं होतं, अस्सल वऱ्हाडीत. लाइट काहून गेली, पेपर काहून फुटला, बस काहून आली नाही, बाप काहून बोलत नाही. बाकी जगात रॉकवाले व्यवस्थेला जाब विचारतात म्हणे. आमच्याकडे हा तेल्हाऱ्याच्या एस.टी.ला विचारायचा, आणि त्याचा आवाज असा चढायचा की मागच्या रांगेतले चपला घालून निघालेले लोक परत बसायचे.

तो ड्रमवाल्याच्या घरामागच्या खोलीत राहायचा. भाडं नव्हतं. जेवण ड्रमवाल्याच्या आईच्या हातचं. काकू त्याच्यासाठी ठेचा वेगळा करायच्या, घरातल्यांना तितकं तिखट चालत नसे.

सराव रविवारी, त्याच घरात, पक्षकार बसायच्या खोलीत. चारही भिंतींना कायद्याची पुस्तकं, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे. वेळ मात्र ठरलेली नसायची. एखादा पक्षकार रविवारीच टपकला की सराव सकाळचा दुपारी जायचा. म्हणून दर आठवड्याला निरोप द्यावा लागे. आणि आता एक गोष्ट सांगतो, ती ऐकून पुण्यामुंबईचे रॉकवाले हसतील. आमच्या बँडला हजेरीचं रजिस्टर होतं.

ही ड्रमवाल्याची कल्पना. जाड पुठ्ठ्याचं, कोर्टात असतं तसं. पहिल्या पानावर नियम. त्यातला चौथा असा: ‘जो सदस्य निरोप मिळूनही सलग तीन सरावांना विनाकारण गैरहजर राहील, त्याचे नाव कमी करण्यात येईल. अपील नाही.’ जगभरचे बँड दारूनं फुटले, भांडणांनी फुटले. आम्ही कलम चारनं फुटलो. माझं अक्षर चांगलं, म्हणून हजेरी मांडायचं काम माझ्याकडे. आमच्या घरासमोर एस.टी.डी. बूथ, म्हणून निरोप द्यायचं कामही माझ्याकडे. निरोप देणारा आणि गैरहजेरी मांडणारा एकच माणूस असू नये, हे त्या वकिलाच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आता अकोल्याचं सांगतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. वडील मुद्दाम आले होते, दुसऱ्या रांगेत बसले होते. गायकानं एकेकाची ओळख करून दिली. ड्रमवाल्याला ‘आमचे भावी न्यायाधीश’ म्हणाला, गिटारवाल्याला ‘याच्या बोटात करंट हाय’ म्हणाला. माझ्याकडे वळला आणि माइकमध्ये म्हणाला, "हा आमचा बेसवाला. हा वाजवून राहिला का नाई, थे याचं यालेच माईत!"

हॉल हसला. ते चाललं असतं. पण वडीलही हसले. जन्मभर वर्गात कुणाला हसू न देणारा माणूस, रुमाल तोंडाला लावून खांदे हलवत हसला. परतीच्या बसमध्ये म्हणाले, "मुलगा मोठा हजरजबाबी आहे हो." माझ्याबद्दल काहीच बोलले नाहीत. बडनेरा येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो.

त्या वर्षी कापूस वेचणीला गायक महिनाभर गावी गेला. जाताना म्हणाला, "निरोप देजो बे. पहिल्या बसनं येतो." तेल्हाऱ्याला त्यांच्या ओळखीच्या दुकानात फोन होता, तिथे सांगितलं की माणूस घरी जाऊन सांगायचा.

पहिल्या रविवारच्या आधी मी बूथवर गेलो. फोन लागला नाही. पुन्हा लावला नाही. ड्रमवाल्यानं विचारलं, "निरोप दिला होता ना?" मी म्हटलं, "दिला."

दुसऱ्या वेळी बूथच्या काचेत बसलो, रिसीव्हर कानाला लावला आणि नंबर फिरवलाच नाही. बाहेरचा माणूस काचेवर टकटक करायला लागला तसा उठलो. "निरोप दिला?" "दिला."

तिसऱ्या वेळी बूथवर गेलोही नाही.

तीनदा सुंदर अक्षरात ‘गैरहजर’ लिहिलं. ड्रमवाल्यानं ते पान समोर ओढलं. "येईल रे तो. कापूस भिजला असेल," गिटारवाला म्हणाला. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. ड्रमवाल्यानं लाल पेन घेतलं, रेघ मारली, आणि त्या दिवशी ड्रमला हात लावला नाही. नियम त्यानंच केला होता. मोडला असता तर आपल्या वकील वडिलांना काय तोंड दाखवणार?

वर त्यानं नोटीस काढली. खरी नोटीस, ‘आपणांस कळविण्यात येते की’वाली. मजकूर त्याचा, सही त्याची, अक्षर माझं. रजिस्टर्ड पोस्टानं तेल्हाऱ्याला गेली.

आठवड्यानं गायक आला तेव्हा घरी फक्त काकू होत्या. त्यानं वळकटी बांधली, काकूंच्या पाया पडला आणि काही न बोलता गेला. काकू संध्याकाळी मुलाला म्हणाल्या, "त्याला काय बोललास तू?" तो म्हणाला, "मी काही नाही बोललो. तोच आला नाही." तो त्याच्या जागी खरंच बोलत होता.

त्यानंतर आमची प्रगती सुरू झाली. नवा गायक बँकेतला होता, डोळे मिटून गायचा आणि डोळे मिटले की शब्द विसरायचा. त्याची बदली वाशिमला झाली. मग भजनी मंडळातला एक आला. आवाज उत्तम, पण दर कडव्यानंतर हात जोडायचा, त्यामुळे लोकांना गाणं संपलं असं वाटे आणि ते उठून प्रसाद शोधत. मग एक दाताचे डॉक्टर, त्यांनी स्टेजमागे दवाखान्याचं बॅनर लावायची अट घातली. ‘दुखणाऱ्या दाढेवर तत्काळ उपचार’ या अक्षरांखाली आम्ही तीन वर्षं रॉक वाजवला. मध्यंतरी गिटारवाला पुण्याला जाऊन आला आणि ‘आपण जरा वेगळं काहीतरी करूयात’ असं बोलायला लागला. त्याला आम्ही वर्षभर बाहेर ठेवलं. बोलणं सुधारलं, मग परत घेतला. गॅदरिंगमधून गणपतीत, गणपतीतून रिसेप्शनमध्ये आलो. "थोडं हळू वाजवा, जेवणं सुरू आहेत," हा आम्हाला सर्वांत जास्त मिळालेला अभिप्राय.

आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी म्हणायचं, जुने सगळे एकत्र येऊ. पुनर्मीलन. आणि दर वेळी गायकाला विचारायचं काम कुणाकडे? माझ्याकडेच. मीच पुढे होऊन घ्यायचो. गायक आणि ड्रमवाला एकदा समोरासमोर बसले की पाच मिनिटांत माझे तीन रविवार उघडे पडणार, हे मला माहीत होतं. म्हणून ते बसूच द्यायचे नव्हते.

पहिल्यांदा मी येऊन सांगितलं, "तो नाही म्हणतो." दुसऱ्यांदा, "घशाचं ऑपरेशन झालं." तिसऱ्यांदा, "म्हणाला, मला त्या वकिलाचं नाव सांगू नका." यातला प्रत्येक शब्द मी घरी बसून तयार केलेला होता. ड्रमवाला खाली पाहून म्हणायचा, "बरं." तेवढंच. ड्रमवाल्याच्या लग्नाची, गायकाला द्यायची पत्रिकाही माझ्याच हाती दिली गेली होती. ती माझ्याकडे जुन्या वह्यांत आहे.

काकू गेल्या तेव्हा मला सांगितलं गेलं, गायकाला कळव. मी कळवलं नाही. हे लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

या वर्षी कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्याच्या अध्यक्षांनी आम्हाला बोलावलं. त्यांचा टाइल्सचा व्यवसाय आहे आणि त्यांना सगळं ओरिजिनल लागतं. न विचारता बॅनर छापून मोकळे: चौघांचा जुना फोटो, जाकिटांसकट, वर ‘मूळ संच, प्रथमच पुन्हा एकत्र’. मी नेहमीसारखा पुढे झालो, "मी विचारतो त्याला."

"नाही," ड्रमवाला म्हणाला. "या वेळी मी जातो. माझा गुडघा गेलाय. पुढच्या वर्षी पाय चालेल का सांगता येत नाही. तोंडावर नाही म्हणू दे. तू चल सोबत."

त्याच्या गाडीत निघालो. मूर्तिजापूरला चहाला थांबलो. मी ठरवलं, इथे सांगायचं. कप ठेवला, घसा साफ केला आणि म्हटलं, "पुढे गाडीतला एसी जरा कमी करतो का?" अकोल्याला पुन्हा ठरवलं. तिथे मी त्याला त्याच्या गुडघ्यासाठी एक डॉक्टर सुचवला. तेल्हारा आलं.

गायकाचं ठिबकच्या नळ्या आणि फवारणी पंपांचं दुकान आहे, मागे घर. तो काउंटरमागे बसला होता. केस गेलेले, खांदे तेच. आम्हाला पाहून उठला नाही. आतल्या बाजूला ओरडला, "अवं, पानी आन. अमरावतीचं कोर्ट आलं हाय."

ड्रमवाला उभाच राहिला. "कसा आहेस?"

"मस्त हाय. नोटीसबिटीस आनली काय आता? का निस्ता आला?" असं म्हणत त्यानं खण उघडला आणि बियाण्यांच्या बिलांखालून एक कागद काढला. ती नोटीस होती. लॅमिनेट केलेली. "गिऱ्हाइकाले दाखोतो म्या. म्हनतो, पाय, ज्याच्या घरी जेवलो थ्यानं जेवनाचं बिल असं पाठोलं."

"तीन रविवार निरोप पाठवला तुला," ड्रमवाल्याचा आवाज चढला. "तीन! एकदा तरी यायचं. नाहीतर कळवायचं. आई रोज विचारायची."

"कोनता निरोप? कोनाजवळ?"

"दुकानात! फोन करून!"

"अबे, थे दुकान मायाच मामाचं होतं. दिवसभर थ्याच दुकानासमोर आमची कापसाची गाडी उभी राहे. निरोप आला असता तं पयत आलो असतो."

मग दोघंही माझ्याकडे वळले. हजेरी मांडणाऱ्याकडे.

मी म्हटलं, "मी फोन केलाच नव्हता."

आतून वहिनींनी विचारलं, "भाऊ, चहात साखर चालते ना सगळ्याईले?"

एकदा तोंड उघडलं आणि मी थांबलो नाही. तीन रविवार सांगितले. घशाचं ऑपरेशन सांगितलं. पत्रिका सांगितली. गायक ऐकत होता. मग त्यानं एकच शब्द विचारला, त्याच्या गाण्यातला. "काहून?"

मी अकोल्याचं सांगितलं. माइकमधलं वाक्य जसंच्या तसं. वडिलांचा रुमाल.

"म्या असं म्हनलो होतो? तुले आठवते काय बे?" त्यानं ड्रमवाल्याला विचारलं. इतक्या वर्षांत तो त्याच्याशी पहिल्यांदा असं सरळ बोलला.

"नाही," ड्रमवाला म्हणाला. "मला तर गिटारवाला खाली बसला तेवढंच आठवतं."

मी ज्या वाक्यावर आयुष्य काढलं, ते माझ्याशिवाय कुणाच्याच लक्षात नव्हतं.

"इतकी वर्सं म्या याच्या नावानं शिव्या देल्ल्या," गायक मला म्हणाला. "पोरीच्या लग्नाले याले बोलावलं नाई. सगळ्या शिव्या फुकट गेल्या. आता तुयासाठी नव्यानं सुरू करा लागते." मग त्याचा आवाज खाली आला. "याची माय गेली, तवा पेपरात वाचलं. अमरावतीले आलो होतो म्या. बसस्टँडवर दोन घंटे बसलो. मनात म्हनलं, ज्याईनं मले बोलावलं नाई त्याईच्या दारात कसं जा? परतीची बस धरली."

ड्रमवाल्यानं चष्मा काढला आणि नळ्यांच्या बंडलावर बसला. पाण्याचा गडू घेऊन वहिनी आल्या आणि दारातच थांबल्या.

"येतो म्या," गायक शेवटी म्हणाला. "मेळाव्यात गातो. पन हा नाई."

ड्रमवाला मला म्हणाला, "रजिस्टर अजून आहे माझ्याकडे." पुढचं बोलायची गरज नव्हती. कलम चार. तीन खोट्या नोंदी. अपील नाही. परतीच्या वाटेवर त्यानं मला अकोल्याच्या बसस्टँडवर उतरवलं. तेही बरोबरच होतं.

बॅनर पुन्हा छापणं अध्यक्षांना परवडत होतं, पण वेळ नव्हता. त्यांनी माझ्या चेहऱ्यावर एका फरसाणवाल्याचं स्टिकर लावलं. त्यामुळे ‘मूळ संच’मध्ये तीन जाकिटं आणि एक शेवेचं पाकीट असं दिसत होतं. लोकांना काही खटकलं नाही. प्रायोजक असतात, लोकांना सवय आहे.

मी सातव्या रांगेत बसलो. बायकोनं सकाळीच विचारलं होतं, "तुम्ही वर का नाही?" मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि मला वाटायचं तुम्ही स्वभावानंच गप्प आहात." त्या संध्याकाळी ती सोबत आली, पण बाजूला न बसता मैत्रिणींच्यात बसली.

गायकाचा आवाज वरच्या पट्टीत आता फाटतो. तरी ‘काहून’ सुरू झालं आणि निघालेले लोक परत बसले. ड्रमवाला दुखरा पाय गरजेपेक्षा जोरात मारत होता. शेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसलेले अध्यक्ष माझ्या कानात म्हणाले, "आज आवाज कसा एकदम साफ लागतोय, नाही?" मी मान हलवली. गाण्याच्या खाली जिथे मी असायचो, तिथे काही नव्हतं. ते मला ऐकू येत होतं, मला एकट्याला. गायकानं ओळखी करून दिल्या: गिटार, ड्रम. मग त्यानं त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि पुढचं गाणं सुरू केलं.

मधल्या सुट्टीत मी स्टेजच्या मागे गेलो नाही. ते दोघं एकाच बाटलीतून पाणी पीत होते, तेवढं लांबून पाहिलं.

आठवडाभरानं तेल्हाऱ्याहून फोन आला.

"मी बोलून राहिलो," तो म्हणाला. "रविवारी चार वाजता वकिलाच्या घरी प्रॅक्टिस हाय. गिटारवाला म्हनते, खालून पोकळ लागून राहिलं. मले तं काई समजत नाई, पन थो म्हनते."

मी विचारलं, "मी यायचं?"

"थे तुयं तू पाय. मी तुयासंग बोलत नाई हाये. निस्ता निरोप देऊन राहिलो. रजिस्टर आता मायाजवळ हाय, मीच मांडतो. निरोप भेटला का नाई, तेवढं सांग."

"भेटला," मी म्हटलं.

"वेळ सांग."

"रविवार. चार वाजता."

"लिहून घेतलं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.